नुकसानीचा अंदाज

खानापूरच्या कोर्टात मला उभं केलं
जाणकार म्हणून.
तिम्माण्णा वड्डर, वय एकसष्ट, धंदा दगडाचा.
शपथ कुठल्या भाषेत घेणार, विचारलं.
घरात आम्ही बोलतो ती तिसरीच,
तिला ना पाटी ना मोर्चा.
म्हटलं, साहेब, हाताशी असेल ती द्या.

प्रश्न असा:
गावच्या तिठ्यावरचा काळा दगड,
सार्वजनिक स्मारक, त्याची विटंबना,
तर नुकसान किती रुपयांचं?
आकडा लागतो, वकील म्हणाले,
आकड्याशिवाय शिक्षा तोलता येत नाही.

मी बोटांवर मोजलं.
हवालदार भरमा ओमाण्णा गुरव.
एका ओळीत चौदा अक्षरं, दुसरीत चौदा,
सगळी माझ्याच छिन्नीची.
कुठली ओळ वर घ्यायची यावर सहा महिने बैठका झाल्या,
तोवर दगड माझ्या अंगणात उताणा,
कोंबड्या त्यावर दाणे टिपायच्या.
जोडाक्षर एकच, ओमाण्णातला ण्णा:
मराठीत दोघं खांद्याला खांदा लावून,
कन्नडात एक दुसऱ्याच्या पायाशी लोंबणारा.
घाम तेवढाच निघतो.
अक्षराला साठ, जोडाक्षराला दहा जादा.
सतराशे, म्हटलं.
कारकुनानं लिहून घेतलं.

दगड खरवडलेला दिसला त्या सकाळी
फिर्यादी दोन झाल्या.
ह्यांच्या मंडळाची त्यांच्यावर, त्यांच्या संघाची ह्यांच्यावर,
मजकूर तोच: भावना दुखावल्या, कडक शासन व्हावं.
दुपारी गोव्याची बस मलप्रभेच्या पुलावर अडकून पडली.
संध्याकाळी शेवंता स्वतः ठाण्यात गेली,
पिशवीत छिन्नी, टिफिनच्या डब्याशेजारी.
अंगणवाडीत मदतनीस. भरमाची लेक.
बाप गेला तेव्हा आईच्या पोटात होती.
दोन्ही ओळी तिनं सारख्याच खरवडल्या होत्या,
कुणाला बोलायला जागा ठेवली नव्हती.
मंडळ आणि संघ, दोघेही त्यानंतर तारखेला आले नाहीत.

जज्जसाहेबांनी विचारलं, का केलंस?
दुभाष्यानं मराठीत सांगेपर्यंत तिनं उत्तर सुरू केलं होतं.
"दरसाल नोव्हेंबरात कोणतरी माझ्या अर्ध्या बापाला डांबर फासतंय.
कधी वरच्या अर्ध्याला, कधी खालच्या.
मी रॉकेल न्यायची, चिंधी न्यायची, पुसायची.
आता रेशनला रॉकेल मिळंना."
दुभाषी अडला. मग म्हणाला, सीमे एण्णे.
कन्नडात रॉकेलला तेच म्हणतात,
शब्दशः घेतलं तर सीमेचं तेल.
कोण हसलं नाही.

बाप कुणाचा हे कायद्याच्या कामाचं नव्हतं.
दगड गावाचा, म्हणून नावही गावाचं.
दंड, भरपाई सतराशे, माझ्याच भावानं,
आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.
ती मागच्या बाकावर बसून राहिली.
माझी साक्ष सकाळीच संपली होती,
तरी मीही बसलो. बस सहाची होती.
साडेपाचला शिपायानं खिडक्या लावल्या,
तिची शिक्षा संपली.

खरवडलेल्या जागी अक्षर धरत नाही.
आधी सगळी पाटी अर्धा बोट खाली घ्यावी लागते,
घासून सपाट करावी लागते, मग नाव.
म्हणजे प्रत्येक निकालाला
भरमा थोडा आणखी आत.

तिसऱ्या दिवशी ती किटलीतून चहा घेऊन आली.
बराच वेळ छिन्नीकडं बघत उभी.
"असं किती वेळा चालेल ह्याला?"
मी कडेला अंगठा लावून जाडी बघितली.
दोनदा, म्हटलं. बेतानं घेतलं तर तीनदा.
तिनं मान हलवली, कप पुसला, चहा ओतला.
"तेवढा ण्णा नीट काढा," म्हणाली,
"मागल्या खेपेला जरा कलला होता."
कुठल्या ओळीतला, ते सांगितलं नाही.